वेगळ्या वंशाच्या माणसाशी बोलताना : नवख्यांसाठी काही पायऱ्या

शिक्षण, नोकरी किंवा दूरस्थ कामाच्या निमित्ताने आपल्यापेक्षा वेगळ्या वंशाच्या माणसांशी पहिल्यांदाच रोजचा संबंध येऊ लागतो, तेव्हा बहुतेकांची दोनपैकी एक गत होते. काही जण मनात येईल ते विचारून मोकळे होतात, तर काही जण आपले काहीतरी चुकेल या धास्तीने हवापाण्याच्या गप्पांपलीकडे जातच नाहीत. दुसऱ्या गटातील मंडळी स्वतःला सभ्य समजत असतात. समोरच्या माणसाला मात्र आपल्याला टाळले जात आहे एवढेच कळते.

हा लेख दोघांसाठीही आहे. ‘सहानुभूती’ या शब्दाला मराठीत दयेची छटा चिकटलेली असल्यामुळे येथे ‘समानुभूती’ हा शब्द वापरला आहे. समानुभूती म्हणजे दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल याचा अंदाज बांधणे असे आपण धरून चालतो. माझ्या मते घोटाळ्याची सुरुवात तिथेच होते, आणि पुढील पायऱ्यांचा रोख अंदाज कमी करून माहिती वाढवण्यावर आहे.

पहिली पायरी : ‘वंश’ या शब्दाचा अर्थ नीट लावणे

मराठीत ‘वंश’ म्हटले की वंशावळ आठवते, आणि ‘वर्ण’ म्हटले की रंगही येतो व चातुर्वर्ण्यही येते. त्यामुळे वंश ही रक्तातून उतरणारी ठरीव गोष्ट आहे, हा समज आपल्या मनात भाषेतूनच शिरलेला असतो. विज्ञानाचा त्याला आधार नाही. कोणत्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखा असतो. उरलेल्या फरकाची वाटणी कशी आहे हे रिचर्ड लेवाँटिन या जनुकशास्त्रज्ञाने १९७२ साली तपासले, तेव्हा त्यातील सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहातील माणसामाणसांत असतो, आणि ज्यांना आपण वेगवेगळे वंश म्हणतो त्यांच्यामधला वाटा फारच थोडा असतो, असे आढळले.

त्वचेचा रंग तर नात्याचा अगदीच कच्चा पुरावा आहे. जिथे सूर्याचे अतिनील किरण तीव्र असतात तिथे पिढ्यानपिढ्या राहिलेल्या लोकांच्या त्वचेत मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य अधिक असते, कारण ते शरीरातील फोलेट या जीवनसत्त्वाचे रक्षण करते. जिथे ऊन क्षीण असते तिथे ड जीवनसत्त्व तयार होण्यासाठी फिकट त्वचा सोयीची ठरते. म्हणूनच पॅसिफिक महासागरातील मेलनेशियाच्या बेटांवरील लोक आफ्रिकेतील अनेकांइतकेच गडद वर्णाचे असले, तरी जनुकांच्या दृष्टीने ते आशियातील लोकांना अधिक जवळचे आहेत. उलट आफ्रिका खंडात जितकी जनुकीय विविधता आहे तितकी अन्य कोणत्याही खंडात नाही. तरीही बाहेरचा माणूस त्या सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतो.

मग वंश खोटाच आहे, तर त्याविषयी बोलायचे कशाला, असा प्रश्न येथे हमखास येतो. त्याचे उत्तर असे की, वंशाची वर्गवारी माणसांनी केलेली असली तरी तिचे परिणाम खरे असतात. कार्ल लिनिअस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७३५ साली आपल्या ग्रंथात मानवजातीचे चार प्रकार मांडले, आणि त्याच ग्रंथाच्या १७५८ च्या आवृत्तीत त्या प्रत्येकाला स्वभावही चिकटवून टाकले. पुढे अशाच वर्गवारीवर कायदे उभे राहिले. दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक नागरिकावर वंशाचा शिक्का मारला. निर्णय होत नसेल तेव्हा केसांत पेन्सिल खोवून ती अडकते की खाली पडते हे पाहण्यापर्यंत अधिकाऱ्यांची मजल गेली, आणि एकाच घरातील भावंडे वेगवेगळ्या वर्गांत जाऊन पडली. तो कायदा १९९१ साली रद्द झाला. ज्यांच्या अंगावर तो शिक्का होता अशी असंख्य माणसे आजही हयात आहेत, त्यामुळे हा इतिहास फार जुना म्हणता येत नाही.

शिवाय हे परिणाम कायद्याबरोबर संपत नाहीत. मरियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतील बोस्टन व शिकागो येथील नोकरीच्या जाहिरातींना सुमारे ५,००० कल्पित अर्ज पाठवले. पात्रता सारखीच होती, फक्त नावे बदललेली होती. आणि गोऱ्या व्यक्तीचे वाटणारे नाव असलेल्या अर्जांना सुमारे ५० टक्के अधिक वेळा बोलावणे आले. त्यांचा हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजन मोजणारे ऑक्सिमीटर गडद त्वचेच्या रुग्णांमधील ऑक्सिजनची कमतरता हेरण्यात अधिक वेळा चुकते, हे २०२० साली अमेरिकेतील रुग्णांच्या नोंदींवरून पुन्हा समोर आले. त्या यंत्राच्या मनात आकस नव्हता. ते चाचणीच्या वेळी कोणाच्या बोटावर बसवले गेले, एवढाच प्रश्न होता.

एवढ्यासाठी ‘मला रंग दिसतच नाही, मी सर्वांना माणूस म्हणूनच पाहतो’ हे वाक्य टाळावे. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ज्याला रोज रंगावरून वागवले जाते त्याच्या कानाला ते ‘तुझ्या आयुष्यातला हा भाग मला ऐकायचा नाही’ असे लागते.

दुसरी पायरी : आपले शब्द तपासून घेणे

मराठीत बरीच वर्षे छापली गेलेली काही नावे आज ज्यांच्याविषयी आहेत त्यांना अपमानास्पद वाटतात. ‘निग्रो’ आणि ‘हबशी’ हे शब्द सोडून द्यावेत; ‘कृष्णवर्णीय’ हा शब्द चालतो. ‘रेड इंडियन’ऐवजी ‘मूळ अमेरिकन’ म्हणावे, आणि जमातीचे नाव माहीत असेल तर तेच वापरावे. ‘एस्किमो’ऐवजी ‘इन्युइट’ म्हणायचे एवढे पाठ करूनही पुरत नाही, कारण अलास्कातील युपिक लोक इन्युइट नाहीत.

येथे पाठांतराची मर्यादा दिसते. इंग्रजीतला ‘कलर्ड’ हा शब्द अमेरिकेत गोऱ्या व कृष्णवर्णीय लोकांना कायद्याने वेगळे ठेवण्याच्या काळाची आठवण देणारा, आणि म्हणून टाळला जाणारा आहे. दक्षिण आफ्रिकेत मात्र तेच नाव अभिमानाने सांगणारा एक मोठा समाज आहे. ब्रिटनमध्ये ‘एशियन’ म्हटले की बहुधा भारतीय उपखंडातील माणूस डोळ्यांसमोर येतो, तर अमेरिकेत चीन, कोरिया, जपान या बाजूचा. ब्राझीलच्या जनगणनेत मिश्र वर्णाच्या लोकांसाठी ‘पार्दू’ असा स्वतंत्र रकाना आहे. अमेरिकेच्या जनगणनेत एकापेक्षा अधिक वंश निवडण्याची मुभा २००० साली पहिल्यांदा मिळाली. तेव्हा जगभर चालेल असा शब्दकोश कोणी हातात देईल अशी वाट पाहू नये. समोरचा माणूस स्वतःविषयी कोणता शब्द वापरतो ते ऐकावे आणि तोच वापरावा. त्याला वंशाऐवजी देशाचे किंवा शहराचे नाव सांगावेसे वाटत असेल, तर तेवढ्यावरच थांबावे. एखादा गट स्वतःपुरता जो शब्द थट्टेत किंवा आपलेपणाने वापरतो, तो बाहेरच्याने उचलू नये, हा याला एकमेव अपवाद आहे.

नावांपेक्षाही अधिक त्रास देणारा एक शब्द आपल्या तोंडी सतत असतो, तो म्हणजे ‘तरी’. ‘रंगाने काळी असली तरी देखणी आहे’, ‘तिकडचा असला तरी कामाला चोख आहे’ अशा वाक्यांत स्तुती असते, आणि त्या दोन अक्षरांमुळे ती सगळ्या समूहाच्या निंदेत बदलते. ‘तुमची भाषा किती शुद्ध आहे!’ या कौतुकातही न उच्चारलेला ‘तरी’ असतो, विशेषतः समोरची व्यक्ती ती भाषा जन्मापासून बोलत असेल तर. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ चेस्टर पिअर्स यांनी १९७० च्या सुमारास अशा बारीक, रोजच्या आणि बहुधा नकळत होणाऱ्या दुखावण्याला ‘मायक्रोअ‍ॅग्रेशन’ हे नाव दिले. मराठीत त्याला सूक्ष्म आघात म्हणता येईल. एकेका आघाताचे वजन थोडे असते. पण तेच वाक्य विसाव्यांदा ऐकणाऱ्याचा चेहरा का पडला, हे पहिल्यांदाच बोलणाऱ्याला उमगत नाही.

तिसरी पायरी : नाव आणि चेहरा

नाव नीट उच्चारणे ही आदराची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित रीत आहे. पहिल्या भेटीत ‘मी बरोबर उच्चारतो आहे ना?’ असे सरळ विचारावे आणि नंतर ते देवनागरीत लिहून ठेवावे. आपल्या लिपीत स्वर आणि महाप्राण इतके स्पष्ट लिहिता येतात की बहुतेक नावांचे टिपण तिच्यात सहज होते. परवानगीवाचून नावाचे लघुरूप करू नये. आपल्या नावातल्या ‘ळ’चा जगभर ‘ल’ होताना ज्यांनी ऐकला आहे, त्यांना याहून अधिक सांगायला नको.

चेहऱ्यांची गोष्ट जरा अवघड आहे. अपरिचित वंशाच्या लोकांचे चेहरे ओळखताना माणसांची जास्त चूक होते, हे मानसशास्त्रज्ञ १९६९ पासून प्रयोगांनी दाखवत आले आहेत. कोणते चेहरे पाहण्याची डोळ्याला सवय आहे, हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. कारण निरुपद्रवी असले तरी परिणाम तसा नसतो. मी स्वतः एका बैठकीत दोन सहकाऱ्यांची नावे उलटसुलट घेतली होती. दोघांत वर्ण सोडून काहीच साम्य नव्हते, आणि खोलीतील सर्वांना ते दिसले होते. तेव्हापासून नव्या माणसाला भेटल्यावर मी केस आणि रंग सोडून एखादी खूण, म्हणजे चाल, आवाज, हसण्याची लकब, मुद्दाम मनात नोंदवतो, आणि खात्री नसेल तर नाव घेण्याआधी थांबतो.

चौथी पायरी : प्रश्न विचारण्याआधी

कुतूहल वाईट नसते. ते कोणाच्या वेळेवर आणि कोणाच्या मनःस्थितीवर भागवायचे, एवढेच ठरवायचे असते. जी माहिती ग्रंथालयात किंवा शोधयंत्रावर दहा मिनिटांत मिळते, ती मिळवण्यासाठी सहकाऱ्याला शिक्षक करू नये. दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिल येथे २१ मार्च १९६० रोजी पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला आणि ६९ माणसे मारली गेली, म्हणून संयुक्त राष्ट्रसंघ तो दिवस वांशिक भेदभावाच्या निर्मूलनासाठी पाळतो, यासारखी गोष्ट आपण वाचून यावे. ‘त्या बातम्या पाहून तुझ्या घरात काय वाटते?’ हा प्रश्न मात्र वाचून सुटत नाही. तो विचारण्याइतकी ओळख झाली असेल, तरच विचारावा.

प्रश्न योग्य आहे की नाही हे पाहण्यासाठी मी एक कसोटी वापरतो : हाच प्रश्न मी माझ्यासारख्याच दिसणाऱ्या माणसाला, इतक्याच ओळखीवर विचारला असता का? ‘तुम्ही कुठले?’ हा प्रश्न या कसोटीला उतरतो. उत्तर मिळाल्यावर ‘नाही, म्हणजे मूळचे कुठले?’ हा दुसरा प्रश्न उतरत नाही, कारण त्यात पहिले उत्तर आपल्याला पटलेले नाही असे आपण सांगून बसतो. केसांना हात लावून पाहू का, मुले कोणत्या रंगाची होतील, तुमच्यात सगळेच चांगले धावतात का, हे प्रश्न तर कसोटीच्या दारातच अडतात. स्तुतीचे साचेही साचेच असतात. अमुक वंशाचे लोक गणितात हुशार असतात असे ऐकत वाढलेल्या ज्या मुलाला गणित जमत नाही, त्याला ती स्तुती फार जड जाते.

कसोटीला उतरलेला प्रश्नही विचारावा तो एकांतात, आणि नाही म्हणण्याची वाट मोकळी ठेवून. ‘सांगायचे नसेल तर काही हरकत नाही’ हे वाक्य नुसते बोलून भागत नाही. उत्तर टाळले गेले तर विषय खरोखर बदलावा लागतो. ‘तुमच्या समाजाला याबद्दल काय वाटते?’ असे विचारू नये, कारण कोणताही एक माणूस लाखो लोकांचा प्रवक्ता नसतो. ‘तुला काय वाटते?’ एवढे पुरे आहे.

पाचवी पायरी : ऐकणे

या लेखातील सर्वांत कठीण भाग हाच आहे, म्हणून येथे थोडे थांबू. ‘स्वतःला त्याच्या जागी ठेवून पाहा’ हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकतो. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २५ प्रयोगांतून तो तपासला आणि २०१८ साली निष्कर्ष मांडला : दुसऱ्याच्या जागी असल्याची कल्पना केल्याने त्याच्या विचारांविषयीचे आपले अंदाज अधिक अचूक होत नाहीत, त्याच्याशी प्रत्यक्ष बोलून त्याचे म्हणणे काढून घेतल्यावर ते होतात. विचार केला तर यात नवल नाही. त्याच्या जागी मी गेलो तरी आठवणी माझ्याच घेऊन जातो. दुकानात शिरल्यावर पहारेकरी मागोमाग फिरू लागला, तर मला तो आगाऊ वाटेल. ज्याच्या मागे लहानपणापासून पहारेकरी फिरत आले आहेत त्याला काय वाटेल, हे माझ्या कल्पनेत कुठून येणार?

म्हणून कोणी अनुभव सांगू लागले की पहिले काम त्याला पूर्ण सांगू देणे. मधेच तोंडून निघणारी तीन वाक्ये विशेष सांभाळावीत. ‘त्याचा तसा हेतू नसेल’ हे पहिले. ते खरेही असू शकते, पण सांगणाऱ्याने तो हिशेब आपल्याआधी अनेकदा केलेला असतो, आणि आपण वकिली करू लागलो की साक्षीदार गप्प होतो. ‘माझ्याही बाबतीत असेच झाले होते’ हे दुसरे. जवळीक साधायची म्हणून आपण ते म्हणतो आणि गोष्ट आपल्याकडे ओढून घेतो. आपला अनुभव खरोखर जुळणारा असेल तर तो नंतर, विचारल्यावर सांगावा. तिसरे वाक्य दिसायला सोज्वळ आहे : ‘अरेरे, मला किती अपराधी वाटते आहे!’ ते उच्चारले की दुखावलेल्या माणसावरच आपले सांत्वन करण्याची वेळ येते.

मग म्हणायचे काय? समजले ते आपल्या शब्दांत परत सांगून बरोबर आहे का ते विचारावे : ‘म्हणजे बैठकीत तू मांडलेला मुद्दा कोणी घेतला नाही, आणि तोच दुसऱ्याने मांडल्यावर सर्वांनी उचलला, असे का?’ येथे चूक असेल तर ती लगेच दुरुस्त होते, आणि नसेल तर सांगणाऱ्याला पुढे बोलावेसे वाटते. उपाय सुचवण्याची घाई करू नये. ‘यात माझ्याकडून काही हवे आहे की नुसते ऐकायचे आहे?’ असे विचारलेले बहुतेकांना आवडते. शांतता पडली तर पडू द्यावी. ती भरून काढण्याच्या नादात सर्वांत वाईट वाक्ये बोलली जातात, असा माझा अनुभव आहे.

ऐकलेली गोष्ट पुढे सांगायची असेल तर परवानगी घ्यावी. ती त्या माणसाची असते.

सहावी पायरी : आपल्यासमोर दुसऱ्याने अपमान केला तर

अशा वेळी मोठे भाषण लागत नाही. विनोदाच्या नावाखाली काही बोलले गेले असेल तर ‘मला समजले नाही, यात गमतीचे काय आहे?’ हा शांत प्रश्न बहुधा पुरतो, कारण वांशिक विनोद समजावून सांगायला लागला की सांगणाराच अडखळतो. प्रसंग धोक्याचा वाटत असेल तर अपमान करणाऱ्याकडे लक्ष न देता ज्याचा अपमान झाला त्याच्याजवळ जाऊन उभे राहावे, त्याच्याशी दुसरेच काही बोलू लागावे, आणि गरज पडली तर तिथल्या जबाबदार व्यक्तीला बोलवावे. नंतर एकांतात त्याला कसे आहे ते विचारावे. तक्रार करायची की नाही हा निर्णय त्याचा. आपण पाहिले ते तारीख व वेळेसह लिहून ठेवावे आणि साक्ष देण्याची तयारी कळवावी. समोर गप्प राहून मागाहून ‘मला ते मुळीच आवडले नाही’ असे कुजबुजणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांचा उपयोग कोणालाच होत नाही.

सातवी पायरी : चूक आपल्याकडून झाली तर

इतके करूनही चूक होणार आहे. कोणी ती दाखवली, तर त्याने थोडी जोखीम पत्करली आहे हे आधी लक्षात घ्यावे. न बोलता दूर होणे त्याला अधिक सोपे होते. माफी लहान असावी आणि तिच्यात ‘जर’ नसावा. ‘तुला वाईट वाटले असेल तर क्षमस्व’ या वाक्यात चूक त्याच्या वाटण्यावर ढकललेली असते. ‘मी तो शब्द वापरायला नको होता. माफ कर. पुन्हा वापरणार नाही’ यात सर्व काही येते. माझा हेतू कसा चांगला होता, माझे किती मित्र तुझ्या वंशाचे आहेत, ही पुरवणी जोडू नये. तो शब्द का दुखावतो हे समजले नसेल तर लगेच त्यालाच विचारण्याऐवजी घरी जाऊन वाचावे.

माफी मागितल्यावर लगेच सर्व पूर्ववत होईल अशी अपेक्षा धरू नये, आणि पुढच्या प्रत्येक भेटीत तो विषय उकरूनही काढू नये. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे नावाने हाक मारून कामाचे बोलावे, आणि तो शब्द पुन्हा तोंडात येऊ देऊ नये.